काका, टर्बो थंड होतोय!

काल रात्री सव्वादहाला तळमजल्यावरच्या काकांनी माझ्या गाडीच्या काचेवर टॉर्चने टकटक केली. काच खाली केली तर म्हणतात, "काय रे, घरात घेत नाहीये का ती?"

मी गाडीत बसलो होतो. दिवे बंद, इंजिन चालू. रोजच बसतो, ९० सेकंद. बायकोचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

माझी बलेनो आरएस. २०१७ची, सेकंडहँड. ९९८ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो, १०२ पीएस ताकद. दिसायला मात्र बरीचशी इंदूरमधल्या इतर बलेनोंसारखीच, बंपर जरा वेगळे आणि 'आरएस' लिहिलेलं. सुटे भाग घ्यायला गेलो की काउंटरवरचा पोरगा मान वर न करता सांगतो, "भिया, बलेनो में टर्बो आता ही नहीं." मग मी त्याला रस्त्यावर नेऊन बॉनेट उघडून दाखवतो, तो दोन मित्रांना बोलावतो, तिघं मिळून सेल्फी काढतात आणि शेवटी सांगतात, माल नाही.

तर काका. त्यांना उत्तर द्यायला मी काचेतून अर्धा बाहेर आलो.

"काका, टर्बो थंड होतोय."

"कोण?"

"टर्बो. इंजिनातून निघणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, मिनिटाला लाखाच्या वर फेरे. ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. त्याचा दांडा तेलावर तरंगतो. गाडी पळवून आणून लगेच बंद केली की तेलाचा पुरवठा थांबतो, आतलं तेल जळून काजळी धरतं."

काकांनी टॉर्च बॉनेटवर फिरवला, मग माझ्या तोंडावर. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. यंत्राबद्दल ऐकायची सवय आहे, विश्वास ठेवायची नाही.

"म्हणजे गाडीला दम लागतो."

"दम नाही, काका..."

"आमची प्रीमियर पद्मिनी बंद केली की बंद व्हायची. कधी कधी न करताही व्हायची. पण दारात बसवून ठेवलं नाही तिने कधी." मग आवाज खाली आणून, "हे बघ, काही असेल तर सांग. काकूंनी तुझ्यापुरते पोहे काढून ठेवलेत."

रात्री सव्वादहाला पोहे! म्हणजे माझ्या संसाराची चर्चा वरच्या मजल्यापर्यंत पोचलेली आहे आणि त्यावर मदतकार्यही सुरू झालंय.

एक कबुली देतो, काकांच्या कानावर जाणार नसेल तर. हे ९० सेकंद बहुतेक वेळा लागतच नाहीत. सुपर कॉरिडॉरवर पळवून आणली तरी शेवटचा किलोमीटर सावकाश आणली की टर्बो बराच निवतो. आमच्या कॉलनीत सहा स्पीडब्रेकर आहेत, त्यामुळे सावकाश येण्यावाचून इलाजच नाही. पण तेवढा वेळ दिवसभरात मला कुणी काही विचारत नाही. विचारत नव्हतं.

आणि राग कशाचा येतो, तर रात्री बारा वाजता याच गल्लीतून सायलेन्सर काढलेली मोटरसायकल फटाके फोडत जाते, तिच्या काचेवर कुणी टॉर्च मारत नाही. तिला काचच नाही, हे खरं. पण मारत नाही. माझ्या बिचाऱ्या तीन सिलिंडरच्या गुरगुरीवर मात्र पेट्रोलचा, पर्यावरणाचा आणि स्वच्छ शहराचा हिशेब मांडला जातो.

आज सकाळी काका पुन्हा आले. म्हणाले, बॉनेट उघड, बघू तुझं ते चक्र. मी उत्साहाने उघडलं. साडेसहा हजारांचा कोन फिल्टर, म्हणजे हवा गाळणारा उघडा शंकू, दाखवला. फिल्टरचा मूळ डबा काढून तो बसवल्यापासून ॲक्सिलरेटर सोडला की मस्त 'फुस्स' ऐकू येतं. काकांनी हात घालून फिल्टरजवळ तळवा धरला.

"ही इथून हवा ओढते?"

"हो."

"आणि हे शेजारी तापलेलं इंजिन."

"...हो."

"म्हणजे गरम हवा खाते. आधी डबा होता, तो बाहेरची गार हवा आणत होता?"

मी बॉनेट बंद केलं. गरम हवा विरळ असते, ताकद कमी होते, हे मला माहीत आहे. इंदूरच्या मे महिन्यात ते ॲक्सिलरेटरवरच्या उजव्या पायालाही कळतं. पण साडेसहा हजार देऊन ताकद घटवून आणली, हे पद्मिनीवाल्याने सात मिनिटांत ओळखावं?

"फुस्स होतं ते मीही ऐकलंय," काका जाता जाता म्हणाले. "मला वाटलं पंक्चर. दोनदा वर निरोप पाठवला होता सूनबाईला."

म्हणूनच ती परवा विचारत होती, चाकं बदलायची आहेत का.

आत्ता रात्रीचे साडेदहा वाजलेत, मी गाडीत बसून हे मोबाइलवर टाइप करतोय. वरच्या दोन बाल्कन्यांत दिवे लागलेत. तळमजल्यावरून काकांचा आवाज आला, साऱ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा: "झाले रे नव्वद! ये आता!"

मी आणखी तीस सेकंद बसलो.