"तुमचं मिलिटरीचं इथं चालत नाही"

परवा रात्री पाऊस झाला आणि सकाळी सहालाच शिवारात चारी बाजूंनी औषध फवारायचे ब्लोअर घुमायला लागले. छाटणी होऊन महिना झालेला, पानं कोवळी, वर ढग. डावणी या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या धास्तीनं आमच्या तासगाव पट्ट्यातला माणूस अशा दिवसांत चहा प्यायलाही घरात थांबत नाही. मीही थांबत नाही, दीड एकर बाग माझीही आहे. पण शेजारच्या बागेत ट्रॅक्टर वळत नाही त्या टोकाला एक पोरगा फवारणीची गन धरून औषध मारत होता, ते बघून बांधावरच थबकलो. वय एकोणीस-वीस. अंगात बनियन, तोंडाला ओला टॉवेल, पायात चप्पल आणि वारा सरळ त्याच्याच तोंडावर. मालक हौदाजवळ बसून दोन बाटल्या आणि तीन पुड्या एकाच बादलीत काठीनं ढवळत होते.

"आबा, हे सगळं एकत्र चालतंय का?"

"दुकानदारानं चिठ्ठीवर लिहून दिलंय की. फौजी, तू जरा गप बस. तुमचं मिलिटरीचं इथं चालत नाही."

आबा वडीलधारे. तिथं गप्प बसलो, इथं बोलतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी सतरा वर्षं आर्मी मेडिकल कोअरमध्ये होतो. दवाखान्यात नव्हे, हायजीनच्या कामाला. म्हणजे डास, माश्या, उंदीर, पिण्याचं पाणी, लंगरच्या मागची नाली. गावाकडं सुट्टीवर आलो की पोरं विचारायची, "दादा, बंदूक कुठली चालवता?" मी म्हणायचो, फॉगिंग मशीन. हसायची.

हसू नका. बर्माच्या लढाईत १९४३ साली ब्रिटिश जनरल स्लिमच्या सैन्यात जखमी होऊन मागं आणलेल्या एका माणसामागं आजारी पडून मागं आलेले १२० होते. जपान्यांच्या आधी मलेरियानं हरवायला काढलं होतं. स्लिमनं मग मलेरियावरच्या मेपाक्रिनच्या गोळ्या जवानांनी गिळल्या की नाही हे अचानक तपासायला सुरुवात केली आणि ज्या पलटणीत प्रमाण पंच्याण्णव टक्क्यांच्या खाली आलं तिथल्या कमांडिंग ऑफिसरलाच घरी बसवलं. असे तीन बसवल्यावर चौथ्याची वेळ आली नाही. साताऱ्या-सांगलीकडची किती घरं त्या लढाईत होती, ते आपापल्या घरातल्या जुन्या फोटोंना विचारा.

आमच्या वेळी उत्तर बंगालात, डुआर्सच्या बाजूला, सूर्य मावळला की बाह्या खाली. उकडून जीव जावो, बाही वर दिसली की शिक्षा. उघड्या अंगाला डेपा, म्हणजे डास दूर ठेवणारं औषध, लावायचं. ते ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेनं काढलेलं, आपलं देशी. आठवड्यातून एकदा कूलर आणि टाक्या कोरड्या करायच्या, जुने टायर उचलायचे, खड्डे बुजवायचे. एवढं करूनही डास उरले तर औषध. आणि ते औषध वेगळ्या खोलीत, कुलपात. किती काढलं, कुणी काढलं, कुठं मारलं, किती उरलं, सगळं रजिस्टरवर. साठा जुळला नाही तर मंजूर झालेली रजाही विसरायची. मारणारा माणूस शिकवून तयार केलेला. बाकी कुणी, अगदी सुभेदार साहेब असले तरी, पंपाला हात लावत नव्हते.

अमेरिकेच्या लष्करात हेच काम आणखी काटेकोर आहे. तळावर कीड नियंत्रणाची लेखी योजना हवी, औषध प्रमाणित माणसानंच मारायचं, त्याचं प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नवं करायचं, प्रत्येक फवारणीची नोंद ठेवायची आणि रसायनाशिवाय भागत असेल तर आधी तसं भागवायचं. त्यांनी १९९३ चा वापर धरून २००० सालापर्यंत तो निम्म्यावर आणायचं ठरवलं होतं. मला यात निम्म्याचं कौतुक नाही. निम्मं करायला आधी एकूण किती मारतोय हे माहीत असावं लागतं. आमच्या गावात गेल्या हंगामात किती लिटर गेलं, सांगा कुणीतरी. माझ्या बागेचंच विचारलंत तर परवापर्यंत मीही दुकानाच्या उधारीच्या वहीवरून अंदाज सांगितला असता.

(कुणी लिहायच्या आत मीच लिहितो: हे तेच अमेरिकन लष्कर, ज्यानं व्हिएतनामच्या जंगलांवर झाडांची पानं झडवणारं एजंट ऑरेंज हे विष ओतलं. नियम त्यांनाही अंगाशी आल्यावरच सुचतात.)

आता आपल्याकडं. कायदा नाही असं नाही. १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे, १९७१ चे नियम आहेत. डब्यावर तांबडा, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. तांबडा सगळ्यात जहाल. त्या नियमांत असंही आहे की हे विष हाताळणाऱ्या माणसाची वैद्यकीय तपासणी व्हावी आणि ऑरगॅनोफॉस्फेटसारखी कीटकनाशकं हाताळत असेल तर महिन्याला रक्तातलं कोलिनेस्टरेज (या विषानं घटणारं एक द्रव्य) मोजावं. हे वाचलं त्या दिवशी मी एकटाच हसत बसलो होतो. मोजणार कोण? पोरगा आज आमच्याकडं, उद्या पलूसला, परवा कवठेमहांकाळला. मजुरी रोजावर.

आणि एक गंमत बघा. सांगलीत फ्लॅटमधली झुरळं मारायला जो धंदेवाईक माणूस येतो, त्याच्या धंद्याला परवाना लागतो, प्रशिक्षण लागतं. धान्याला लावायच्या त्या जहाल गोळ्या तर कायद्यानं फक्त सरकारी संस्थांना आणि अशा परवानाधारकांनाच विकायच्या. पण हजार लिटरचा हौद कालवून दिवसभर बागेत उभं राहणाऱ्याला काहीच लागत नाही. टॉवेल लागतो.

२०१० साली आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वॉट (वेलीची वाढ आवरायचं रसायन) सापडलं आणि युरोपात कंटेनर अडकले, ते विसरलात का? तेव्हा कसे हलले सगळे! एक्स्पोर्टच्या मालाची प्रयोगशाळेत तपासणी, शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस मोजणं, प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही. आज एक्स्पोर्टवाला बागायतदार ही वही चोख ठेवतो, म्हणजे आपल्याला जमत नाही हे खोटं आहे. जर्मनीतल्या बाईच्या ताटातल्या मण्यावर किती अंश राहिला ते आपण मोजतो. तोच मणी पिकवताना गन धरणाऱ्या पोराच्या अंगात किती गेला, ते मोजत नाही. २०१७ ला यवतमाळात वीसहून जास्त माणसं फवारताना विषबाधा होऊन गेली, तेव्हा आपण म्हणालो, ते कापसावाले, आपलं तसं नाही.

आबा म्हणतात त्यात थोडं खरं आहे, हे मान्य करतो. फौजेत वरून हुकूम येतो, औषध सरकारचं, पगार सरकारचा. इथं पावसानं दोन दिवस गाठलं तर वर्षाचं पीक जातं आणि बँक वही बघत नाही, हप्ता बघते. अंगभर किट घालून ऑक्टोबरच्या उन्हात उभं राहून दाखवा म्हटलं तर मलाही तासाभरात चक्कर येईल. म्हणून किटवर भाषण देणार नाही. माझं मागणं एकच आहे: फवारणारा माणूस शिकवलेला आणि नोंदलेला असावा. गावात अशी दहा पोरं तयार करा, सोसायटीनं करा, ग्रामपंचायतीनं करा, कार्ड द्या, रोज जास्त द्या, तीन महिन्यांनी रक्त तपासा. आणि काय, किती, कशात मिसळायचं हे जो बाटली विकतो त्यानं ठरवू नये. दुकानदारांवर राग नाही, त्यातले निम्मे माझे मित्र आहेत. पण आमच्या स्टोअरकीपरला आम्ही कधी डोस विचारला नव्हता.

सुरुवात स्वतःपासून केली. पत्र्याच्या शेडला कुलूप लावलं, एक दोनशे पानी वही आणली, रकाने आखले. माझ्याकडं फवारायला येणारा पोरगा नववी शिकलेला आहे, त्यालाच लिहायला बसवलं. पहिल्याच दिवशी पंप भरायच्या आधी सोसाट्याचा वारा सुटला. थांबलो. पलीकडून आबांचा ब्लोअर चालूच होता. पोरानं विचारलं, "मग आज काय लिहू?"

वहीतली पहिली ओळ त्याच्या अक्षरात अशी आहे: "वारा लय. मारलं नाही."