अर्जेंटिनात काळे लोक ‘उरलेच नाहीत’?

अर्जेंटिनाने २०२२चा फुटबॉल विश्वचषक जिंकला, तेव्हापासून एक दावा जोरात फिरतो आहे: तिथले काळे लोक पॅराग्वेविरुद्धच्या युद्धात कापले गेले, उरलेले पिवळ्या तापाने गेले, म्हणून त्यांच्या संघात काळा खेळाडू कधीच नसतो.

‘कधीच’ हे धादांत खोटं. अलेहान्द्रो दे लोस सांतोस १९२०च्या दशकात अर्जेंटिनाकडून खेळला. १९७८च्या विश्वविजेत्या संघात एक्तोर बालेय हा राखीव गोलरक्षक होता.

युद्ध १८६४ ते १८७०चं, साथ १८७१ची. दोन्हींत काळी माणसं मेली, हे खरं. पण सगळीच मेली असतील, तर त्याच दशकाच्या अखेरीस ब्युनोस आयर्समध्ये ‘ला ब्रोमा’ हे काळ्या समाजाचं वर्तमानपत्र कोण काढत होतं, कोण वाचत होतं? गिटारीवर सवाल-जवाब रंगवणारा गाबिनो एसेइसा साथीच्या वेळी पोरसवदा होता. तो देशभर गाजला तो नंतर.

मग आकडा घसरला कसा? १७७८च्या शिरगणतीत ब्युनोस आयर्सचे सुमारे ३० टक्के लोक काळे किंवा मिश्रवंशीय होते. १८८७मध्ये २ टक्क्यांहून कमी. एक तर युरोपातून माणसांचे लोंढे आले. ते आपोआप आले नाहीत: १८५३च्या राज्यघटनेचं २५वं कलम युरोपीय स्थलांतराला उत्तेजन द्या असं सरकारला बजावतं, आणि ते आजही लागू आहे. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. स्पॅनिश राजवटीने रक्तावरून माणसांची उतरंड लावली होती. ‘काळा’ अशी नोंद झाली की विद्यापीठ, पाद्रीपद, सरकारी हुद्दा, सगळ्याची दारं बंद. राजवट गेली तरी ती धास्ती गेली नाही. त्यात ‘गव्हाळ’ अशी मोघम वर्गवारी हाताशी होती. आफ्रिकी आजीची नातवंडं तिच्यात जमा होत, कधी स्वतःहून, कधी नोंद करणाऱ्या कारकुनाच्या मर्जीने.

२०२१ साली राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फर्नांडेझ यांनी जाहीरपणे सांगितलं की आम्ही अर्जेंटिनी जहाजांतून, युरोपातून आलो. टीका झाल्यावर त्यांनी माफी मागितली. पण इतक्या सहज ते तोंडून निघालं, कारण शाळेपासून तेच शिकवलं गेलं आहे.

शंभरहून अधिक वर्षं राष्ट्रीय जनगणनेत आफ्रिकी वंशाचा प्रश्नच नव्हता. २०१०मध्ये तो काही घरांना विचारला गेला, २०२२मध्ये सर्वांना. तेव्हा तीन लाखांहून अधिक लोकांनी आपली मुळं आफ्रिकी असल्याचं नोंदवलं. हा दावा पुढे पाठवणारे या जिवंत माणसांनाच सांगताहेत की तुम्ही १८७१मध्ये मेलात.