डाव्या पायाचं काय करायचं?

बागेतली लाल माती चार दिवसांत कुठल्याही गाडीला एकाच रंगावर आणून ठेवते. त्यामुळे पिकअप घ्यायचं ठरलं तेव्हा रंगावरून होणारं आमच्या घरचं पारंपरिक भांडण झालंच नाही. मला वाटलं, सुटलो. पण शोरूममधल्या पोरानं कोटेशनचा कागद पुढं ओढला आणि विचारलं, "सर, मॅन्युअल की ऑटोमॅटिक?"

"मॅन्युअल," मी म्हणालो.

"ऑटोमॅटिक," शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

पोरगं शहाणं होतं. त्यानं पेनाला टोपण लावलं आणि म्हणालं, "घरी जाऊन ठरवा, काही घाई नाही." त्या घाई नसण्याचे पुढं चार महिने झाले.

पिकअप कशाला, ते आधी सांगतो. आम्ही राहतो कोल्हापुरात आणि बाग आहे देवगड तालुक्यात. बाग बायकोच्या माहेरची. सासरे गेल्यावर तिच्या वाट्याला सव्वाशे कलमं आली आणि माझ्या वाट्याला त्या कलमांची वाहतूक. आजवर ती आमच्या छोट्या गाडीतून चालायची. मागची सीट पाडायची, पेट्या रचायच्या, उरलेल्या फटीत आपण बसायचं. आंब्याचा वास जुलैपर्यंत टिकतो, त्याची तक्रार नाही. पण पेट्यांतला पेंढा एसीच्या जाळीत शिरतो तो दिवाळीपर्यंत एकेक काडी करून तोंडावर उडत राहतो. एकदा ऑफिसच्या साहेबांना स्टेशनवर सोडलं, तर ते डोक्यात पेंढा घेऊन मुंबईला गेले.

गावातल्या जाणत्यांचं मत एकच होतं, बोलेरो पिकअप घ्या. टन-दीड टन माल हौद्यात टाका, काही विचार करायला नको. तुमच्या त्या शोभेच्या पिकअपच्या पैशात अशा दोन येतील. हिशेब बरोबर होता. पण बायकोला मागं आंबे आणि पुढं कुटुंब असं दोन्ही एका गाडीत हवं होतं, शिवाय पांढरी नंबरप्लेट हवी होती. अशा अटी घातल्यावर आपल्याकडं फार नावं उरत नाहीत. इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स. दोन्हींत हाताचा गिअरही मिळतो आणि आपोआपचाही. म्हणजे भांडणाला कंपनीकडूनच पूर्ण सोय.

माझी बाजू भावनेची होती, हे कबूल करतो. मी गाडी शिकलो १९९३ साली, मारुती आठशेवर. शिकवणारे मास्तर पन्हाळ्याच्या चढावर गाडी उभी करायला लावायचे, खाली उतरून मागच्या चाकाला चिकटून काड्यापेटी ठेवायचे आणि लांब उभे राहून विडी पेटवायचे. हाफ क्लचवर गाडी धरायची आणि मागं एक बोटही न सरकता पुढं काढायची. काड्यापेटी चेपली की संध्याकाळी मास्तरांना मिसळ. माझ्या सात काड्यापेट्या आणि सात मिसळी गेल्या. आठव्या दिवशी पेटी शाबूत राहिली. मास्तरांनी ती उचलली, झटकली, त्यातलीच काडी ओढून विडी पेटवली आणि काही न बोलता गाडीत येऊन बसले. लग्नात सोडलं तर माझा एवढा सन्मान कुणी केलेला नाही. ही सगळी कमाई डाव्या पायाची. आता त्या पायाला म्हणायचं, बाबा रे, उद्यापासून येऊ नकोस?

माझ्या बाजूला एकच मोठा माणूस होता, बायकोचे चुलते भाऊकाका. एसटीत ड्रायव्हर होते, देवगड-कोल्हापूर ही त्यांची आवडती फेरी, फोंडा घाटाचं प्रत्येक वळण त्यांना नावानं ओळखतं. ते डबल क्लचच्या जमान्यातले. म्हणजे क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, इंजिनाला बेतानं रेस द्यायची, परत क्लच दाबायचा आणि मग खालचा गिअर टाकायचा. हे सगळं वळणावर, पन्नास माणसं मागं घेऊन आणि कंडक्टरशी बोलत. रेस कमी-जास्त झाली की गिअरबॉक्स जो आवाज काढायचा तो म्हणे फोंड्याच्या बाजारात ऐकू जायचा आणि लोक म्हणायचे, "नवीन ड्रायव्हर दिसता."

त्यांना ऑटोमॅटिकचं सांगितलं तेव्हा ते सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. "जावयबापू," ते म्हणाले, "गाडी तुमी चलवतल्यात की गाडी तुमका चलवतली?" आणि थोड्या वेळानं, "मगे देवान डावो पाय कित्याक दिल्यान?"

हा प्रश्न मी घरी जसाच्या तसा मांडला. बायको म्हणाली, "दुखायला." हे मात्र खरं होतं. वर्षभर माझा डावा गुडघा कुरकुरत होता. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला संध्याकाळी सहा वाजता सापडलेल्या माणसाला हाडांच्या डॉक्टरकडं जायची गरज नसते, गुडघ्याचं कारण त्याला जागेवर कळतं. क्लच दाब, पहिला टाक, चार फूट जा, क्लच दाब, थांब. हे पन्नास वेळा केल्यावर आपण गाडी चालवतोय की शिलाई मशीन, तेच समजेनासं होतं.

मग चिरंजीव मध्ये पडले. ते पुण्याला कॉम्प्युटरमध्ये असतात, त्यामुळे घरातल्या कुठल्याही वादावर त्यांच्याकडून एक्सेल शीट येते. माझा सगळ्यात जोरकस मुद्दा असा होता की ताकद हातातल्या गिअरलाच, ऑटोमॅटिक म्हणजे मऊ कारभार. शीटमध्ये एकच रकाना पिवळा करून पाठवला होता. हायलक्सचं इंजिन तेच, २.८ लिटरचं, २०४ अश्वशक्तीचं. पण मॅन्युअलला टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, ४२० न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकला ५००. मी तो आकडा दोनदा वाचला, मग चष्मा पुसून वाचला. ऐंशीचा फरक, आणि तोही उलट्या बाजूनं! व्ही-क्रॉसनं निदान दोघांना समान ३६० देऊन माझी लाज राखली होती.

हे ऑटोमॅटिक चालतं तरी कसं, म्हणून उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींकडं गेलो. ते एका टेम्पोखाली होते, बोलणं टेम्पोखालूनच झालं. "सर, त्यात क्लच प्लेटच न्हाई. टॉर्क कन्व्हर्टर असतोय. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा. दुसरा आपसूक फिरतोय का न्हाई? हितं हवेच्या जागी तेल. संपला विषय."

माझा विषय संपला नाही. रविवारी दुपारी मी दोन टेबलफॅन डायनिंग टेबलावर समोरासमोर मांडले. एक तीनवर सोडला. दुसरा आधी लाजला, मग जड जड फिरू लागला आणि मग चांगलाच वेग धरला. मी चालणाऱ्या पंख्याचा वेग कमी केला, दुसराही मंदावला. दोघांत ना दांडा ना पट्टा. खरं सांगतो, मला ते फार सुंदर वाटलं. त्या भरात मी दुसऱ्या पंख्याला अलगद बोट लावून थांबवला, तर पहिला बिनतक्रार फिरतच राहिला. म्हणजे सिग्नलला गाडी उभी, इंजिन चालू, क्लच नाही, तरी बंद पडत नाही, ते हे! टेबलावरची वीजबिलं, पेपर आणि बायकोची वाणसामानाची यादी एव्हाना बेडरूमपर्यंत पोचली होती. ती दारात उभी राहून म्हणाली, "काय चाललंय?" मी म्हणालो, "गिअरबॉक्स."

चिरंजीवांनी आणखी एक माहिती पाठवली, की ही युक्ती मुळात गाडीची नाहीच. हेर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं जहाजांसाठी १९०५ साली तिचं पेटंट घेतलं होतं. मी ती कौतुकानं भाऊकाकांना फोनवर सांगितली.

"बोटीचा यंत्र ना ता?" पलीकडून आवाज आला. "मगे दर्यात घाला."

तरी मी हार मानली नव्हती. शेजाऱ्यांच्या छोट्या ऑटोमॅटिकमध्ये बसलं की दर गिअरला मान पुढं जाते, सगळं कुटुंब हो-हो करत मंडईला जातं, हे मी पुढं केलं. मिस्त्री म्हणाले, ती एएमटी. तिच्यात साधाच क्लच असतोय, फक्त तो पायाऐवजी यंत्र दाबतंय. पिकअपची जात वेगळी. मग मी राखून ठेवलेला हुकमाचा पत्ता टाकला, ऑटोमॅटिक धक्का मारून चालू होत नाही.

"गेल्या दहा वर्षांत आपण किती वेळा धक्का मारला?" बायकोनं विचारलं.

"प्रश्न तो नाही."

"आणि दोन टनांच्या गाडीला धक्का मारणार कोण? तुम्ही? या गुडघ्यानं?"

शेवटचा मुद्दा घाटाचा, आणि तो खरोखरच महत्त्वाचा. ज्या गिअरवर घाट चढायचा त्याच गिअरवर उतरायचा, हे भाऊकाकांनी मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. संसाराबद्दल सांगतायत असं मला बरेच दिवस वाटत होतं. उतारावर सारखा ब्रेक दाबून धरला की तो तापतो आणि ऐन वळणावर दगा देतो. गाडी इंजिनानं रोखायची असते. ऑटोमॅटिकला हे कसं कळणार? उतरताना तिनं आपल्या मनानं वरचा गिअर टाकला तर? शोरूमच्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "सर, लिव्हर बाजूला ओढा. अधिक-वजा आहे. वजा करत सेकंडला आणा, तिथंच धरून ठेवेल. टेस्ट ड्राइव्ह घेऊन बघा ना."

घेतली. कावळा नाक्याच्या पुढं, सकाळी अकरा वाजता. मी चाकावर, पोरगं शेजारी, बायको मागं. पाच मीटरहून लांब गाडी, पण डीवर टाकून ब्रेक सोडला तर मुकाट सरकू लागली. वाटलं, आहे काय यात. पुढं एक स्कूटर आडवी आली. गाडी हळू करायला हवी, खालचा गिअर टाकायला हवा, आणि एवढी वर्षं इमानानं नोकरी केलेला माझा डावा पाय कुणाला न विचारता उठला आणि कामाला गेला.

तिथं क्लच नव्हता. तिथं ब्रेक होता, आणि ऑटोमॅटिकचा ब्रेक डाव्या बाजूला चांगला ऐसपैस असतो. क्लच तळापर्यंत दाबायला सवकलेल्या पायाला "हळू" हा शब्द माहीत नसतो. गाडी जागच्या जागी रुतली. पोराला पट्ट्यानं धरलं, बायकोची पर्स पुढं डॅशबोर्डवर आली, स्कूटरवाला कधीच निघून गेला होता, आणि मागच्या रिक्षावाल्यानं खिडकीशी येऊन माझ्या घराण्याची सविस्तर चौकशी केली.

"सर," पोरगं पट्टा सैल करत म्हणालं, "डावा पाय जरा आत दुमडून घ्या. मांडी घातल्यासारखा. तो आपल्याला लागत नाही."

लागत नाही! त्याच्या तोंडावर सांगितलं!

परतीला बायको चाकावर बसली. तिच्याकडं लायसन्स २००४ पासून आहे, पण आमच्या गाडीला तिनं फारसा हात लावला नव्हता. वीस वर्षं ॲक्टिव्हा. तिच्या डाव्या पायाला कसल्याच सवयी नव्हत्या, तो निवांत पडून राहिला. तिनं गाडी गर्दीतून काढली, शोरूमच्या चिंचोळ्या फाटकातून आत घेतली आणि लावली. लावताना मी सवयीनं "हाफ क्लच, हाफ क्लच" म्हणालो, तेव्हा पोरगं शोरूमच्या काचेकडं बघत होतं.

संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना ती म्हणाली, "एक विचारू? आपल्या गाडीचा क्लच फार वर आहे, तुला जमायचं नाही, असं तुम्ही मला इतकी वर्षं सांगताय. खरंच वर आहे?"

मी भेळेतल्या कैरीचा तुकडा शोधत होतो.

"तुम्हाला घाटाची काळजी नाही," ती म्हणाली. "किल्लीची आहे."

कैरीचा तुकडा सापडला. आंबट होता. दुसऱ्या दिवशी शोरूमला फोन करून मी ऑटोमॅटिक सांगितली. गुडघ्यामुळं, असं कारण दिलं. त्या पोरानं कारण विचारलं नव्हतं.

गाडी मार्चअखेर आली. पहिल्या फेरीला भाऊकाका बरोबर होते; मोतीबिंदू दाखवायला कोल्हापूरला आले होते, त्यांना घरी सोडायचं होतं. मान म्हणून त्यांना पुढं बसवलं, मी मागं. किल्ली जिची बाग तिच्याकडं. राधानगरी गेलं, दाजीपूरचं जंगल गेलं तरी काका काही बोलले नाहीत. हाताचा काठीवरचा विळखाही सैल केला नाही. घाटाच्या तोंडाशी बायकोनं लिव्हर बाजूला ओढून दोनदा वजा केलं. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी कुणी मागून शेपूट धरावं तशी आखडून उतरू लागली. काकांनी डोळे मिटले आणि कान लावला.

"सेकंडार आसा," ते म्हणाले.

पहिलं मोठं वळण आलं. माझा डावा पाय मागच्या सीटवर आपोआप उठला आणि मॅटवर दाबला गेला. ओशाळून पुढं बघितलं, तर काकांचा डावा पाय चपलेतून निघून पुढच्या मॅटवर पूर्ण दाबलेला, आणि डावा हात मांडीजवळ हवेत. वळण सरल्यावर पाय बेतानं वर आला. पुढचं वळण, परत दोघांचे पाय खाली, परत वर. असा सगळा घाट आम्ही तिघांनी मिळून उतरवला. फोंड्याला सपाटी लागली तशी काकांनी चप्पल शोधून पायात घातली, मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि समाधानानं म्हणाले,

"क्लच बरो हलको आसा हां."