सिडको, कोयता आणि प्रशांतचा गहाळ मोबाईल

रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास पवननगरच्या कट्ट्यावर आम्ही नेहमीचेच होतो आणि विषयही त्या आठवड्यात नाशिकच्या सिडकोतल्या प्रत्येक ओट्यावर चालू होता तोच. गाड्यांच्या काचा फोडल्याचा तो व्हिडिओ तुमच्याकडेही चार ग्रुपवरून आला असेल. मला ठाण्याच्या मावसबहिणीने पाठवला आणि खाली विचारलं, "तुम्ही तिथून कधी निघणार?"

प्रशांत खास त्यासाठीच आला होता. हा मूळचा आमचाच, सिडकोतल्या एन ४२ सेक्टरमधला. सहा वर्षांपूर्वी गंगापूर रोडला फ्लॅट घेतला. गाडी खांबाखाली उजेडात लावली, दोनदा लॉक वाजवून पाहिलं, रुमालाने कट्टा पुसला आणि मग टेकला.

"पूस, पूस," सुनील रिक्षावाला म्हणाला. "ह्याच दगडावर तू दहावीला दोनदा बसला होतास. तेव्हा रुमाल नव्हता."

संगीताताईंनी चहा पुढे केला. त्यांची टपरी कट्ट्याला लागूनच आहे. प्रशांतने आधी बिनसाखरेचा मागितला, मग ग्लास उजेडात धरून पाहिला, आणि मग मुद्द्यावर आला.

"नाना, मी स्पष्ट बोलतो. घर विकून टाका. आत्ता भाव येतोय. ॲक्च्युअली हा एरिया आता फॅमिलीसाठी राहिला नाही. क्राऊड बघा ना!"

"क्राऊड म्हंजे कोन रे भो?" नानांनी विचारलं. "मी, का ताई?"

नाना धुळ्याकडच्या शिंदखेडा तालुक्यातले. अंबडच्या कंपनीत टर्नर म्हणून आयुष्य गेलं. सिडको महामंडळाचं एक खोली-स्वयंपाकघराचं घर हप्त्यांवर घेतलं, मग पोराच्या लग्नासाठी वर एक खोली चढवली आणि बाहेरून लोखंडी जिना काढला. इथली निम्मी घरं अशीच वाढली आहेत, जिना बाहेर आणि मोटारसायकल जिन्याखाली. सहा योजनांमध्ये ही वसाहत उभी राहिली, आणि कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) नि खानदेशातून कारखान्यात आलेल्या माणसांनी ती भरली. अशा माणसाला घर विकायला सांगणं म्हणजे काय, हे प्रशांतला कळायला हवं होतं. त्याच्या वडिलांचं घरही तसंच उभं राहिलं होतं.

"तुमच्याबद्दल नाही हो," प्रशांत म्हणाला. "पण रेप्युटेशन बघा. २०२५ मध्ये पोलिसांनी गुंडांकडून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' वदवून घेतलं, ते व्हिडिओ देशभर फिरले. प्रॉब्लेम नसता तर हे करावं लागलं असतं का?"

"बरं झालं वदवून घेतलं," ताई म्हणाल्या. "त्यातले दोन-चार आमच्यासमोर लहानाचे मोठे झालेत. पण मला सांग, ते व्हिडिओ सगळ्या शहराचे होते. मग बालेकिल्ला नाशिकचा आणि गुंड तेवढा सिडकोचा, ही वाटणी कुणी केली?"

इथे जितू मध्ये पडला. जितू कर्जाची प्रकरणं करतो, त्यामुळे त्याला आकड्यांचा नाद आहे. त्याचं म्हणणं, नाशिकच्या कुठल्याच उपनगराचा गुन्ह्यांचा दर कुणी नीट सांगू शकत नाही. दर काढतात लाख लोकसंख्येमागे, आणि आपल्याकडची शेवटची मोजणी २०११ ची, अख्ख्या शहराची मिळून १४ लाख ८६ हजार. त्यानंतर पाथर्डी फाट्यापासून कामटवाड्यापर्यंत किती इमारती उठल्या? भागायचं कशाने? केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचा जो मोठा अहवाल येतो, त्यात महानगरांची यादी २० लाखांवरच्या शहरांची असते. मुंबई, पुणे, नागपूर आहेत, आपण नाही.

"आणि हद्द?" जितू म्हणाला. "अंबड पोलीस ठाण्याच्या हद्दीत वर्षानुवर्षं एमआयडीसी पण यायची. कंपनीच्या भंगारातून तांब्याची वायर गेली, तीही त्याच ठाण्याच्या नावावर. बातमीत छापून येतं अंबड आणि लोक वाचतात सिडको. इंदिरानगरचं ठाणं वेगळं, तरी तिकडचं झालं की पाहुणे फोन मलाच करतात."

"रिक्षात पण तसंच," सुनील म्हणाला. "महापालिकेच्या पाटीवर सिडकोचं नाव 'नवीन नाशिक' लिहिलंय. नवीन नाशिकला सोडा म्हटलं तर ड्रायव्हर विचारतो, कुठं आलं ते? सिडको म्हटलं की रात्री अकरानंतर म्हणतो, रिकामा परत यावं लागेल, जास्त पडतील."

"म्हणजे तूच घेतोस जास्त," नाना म्हणाले.

"मी नाही घेत. मी इथेच झोपायला येतो, मला परत कशाला जायचंय?"

प्रशांत मात्र हटेना. त्याच्या सोसायटीला तीन गेट आहेत, चौदा कॅमेरे आहेत, पाहुणा आला की फोनवर परवानगी मागतात. हे त्याने त्या रात्री तिसऱ्यांदा सांगितलं. "मिसेस रात्री दहाला एकटी वॉकला जाते. इथे जाईल का?"

"इथे तुझी आई बारा वाजता कानबाईच्या उत्सवातल्या गाण्यांतून एकटी घरी यायची," ताई म्हणाल्या. "श्रावणातली ती एक रात्र आठव. गल्ली जागी असायची, दारं सताड उघडी, रोट कुणाच्या घरी खाल्ले आणि झोपलो कुणाच्या घरी, पोरांना पत्ता नसायचा. तू आमच्या पलंगाखाली सापडला होतास. तुझी आई रडत होती, आणि तू घोरत होतास."

प्रशांत हसला. तेवढ्यापुरता तो पुन्हा आमचा वाटला.

मग सुनीलने विचारलं, "पण तुझा मोबाईल गेला होता ना मागे? कॉलेज रोडला, तुमच्याच बाजूला?"

"तो वेगळा विषय आहे."

"कसा गेला?"

"मी फोनवर बोलत उभा होतो. बाईकवरून दोघं आले, हातातून ओढला आणि गेले."

"तक्रार दिलीस?"

"दिली ना. सिम परत घ्यायला कागद लागतो."

"कागदावर काय लिहिलंय?" हे जितूने विचारलं, कारण त्याला माहीत होतं. झेरॉक्स त्यानेच काढून दिली होती.

प्रशांत गप्प.

"'गहाळ'," जितू म्हणाला. "मोबाईल गहाळ झाल्याची नोंद. ओढून नेला असं त्यात कुठेच नाही. गहाळ झालं की गुन्हा दाखल होत नाही. गुन्हा नाही, म्हणजे आकडा नाही."

ताईंनी ग्लास विसळता विसळता मान वर केली. "म्हणजे तुझा मोबाईल चोरांनी नेलाच नाही. तो आपणहून हरवला. आणि म्हणून तुझा एरिया सेफ."

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. सुनीलने पाठ चोळली. पण ताईंच्या ह्या एका वाक्यात मला त्या रात्रीचा सगळा मुद्दा सापडला. कुठे किती गुन्हे होतात आणि कुठे किती लिहिले जातात, ह्या दोन गोष्टी आहेत. आमच्या गल्लीत दगड पडला की त्याचा व्हिडिओ होतो. चांगल्या वस्तीत हात मारला की त्याचा कागद होतो, आणि कागदावर गहाळ लिहिलेलं असतं. सायबरवाल्यांनी लाखो रुपये काढून नेले, तर तो माणूस लाजेने शेजाऱ्यालाही सांगत नाही, सोसायटीचं नाव खराब होणं तर दूरच.

ह्या नावाचं नुकसान साधं नाही. काही फायनान्सवाल्यांच्या यादीत गल्ल्याच्या गल्ल्या 'निगेटिव्ह एरिया' म्हणून असतात, हे जितू रोज पाहतो. पगार चांगला, हप्ता कधी चुकलेला नाही, तरी प्रकरण परत येतं. नानांच्या धाकट्याचं स्थळ गेल्या दिवाळीत जमता जमता मोडलं. मुलगा डिप्लोमा झालेला, निर्व्यसनी. मुलीचा मामा म्हणाला, बाकी सगळं ठीक आहे, पण सिडको म्हणजे... आणि पुढचं त्याने हाताने दाखवलं. नानांनी तो हात आम्हाला करून दाखवला होता, दोन बोटं हवेत फिरवून. त्यानंतर ते आठ दिवस कट्ट्यावर आले नाहीत.

आता एक गोष्ट मला लिहायलाच हवी, नाहीतर मी प्रशांतसारखाच एकतर्फी होईन. इथे भीती आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीत रात्री दीडला पोरं आली, कोयते घेऊन. ओळीने लावलेल्या गाड्यांच्या सीटा फाडल्या, दोन रिक्षांच्या काचा फोडल्या. एक सुनीलची होती. मी गॅलरीतून पाहिलं. दोघांचे चेहरे मी ओळखत होतो. सकाळी पोलीस आले, पंचनाम्याला पंच पाहिजेत म्हणाले, आणि मी ड्युटीला उशीर होतोय म्हणून निघून गेलो. गल्लीतले पुरुष असेच एकेक करून निघून गेले. जबाब दिला एकट्या संगीताताईंनी. सही केली, तारखेला कोर्टात गेल्या, टपरी बंद ठेवून. मला त्या गोष्टीची आजही लाज वाटते, आणि सिडको बदनाम आहे असं कुणी म्हटलं की मला आधी ती सकाळ आठवते.

त्या रात्री मी हे बोलून दाखवलं. कोणी काही म्हणालं नाही. ताई एवढंच म्हणाल्या, "तेव्हा तुझी पोरगी तीन महिन्यांची होती. पुढच्या वेळी ये."

प्रशांतला मात्र हातात पत्ता आल्यासारखं झालं. "बघा! मी हेच म्हणतोय. लोकच बोलत नाहीत. म्हणून निघा म्हणतो."

"सगळे निघाले तर बोलायला राहील कोण?" ताई म्हणाल्या. "तू राहिला असतास तर त्या दिवशी दोन सह्या झाल्या असत्या. आणि भाव येतोय म्हणतोस, घेणारा कोण आहे? तोही माणूसच ना? त्याने यावं आणि नानांनी जावं, हे कसलं गणित?"

"ताई, तुम्ही इमोशनल होताय."

"मी इमोशनल नाही. मला त्या कोपऱ्यावर दिवा पाहिजे."

तो कोपरा म्हणजे मैदानाच्या भिंतीला वळसा घालून आमच्या गल्लीत शिरतो तो. खांब आहे, दिवा आहे, पण तो लागत नाही. तक्रार तीनदा केली. वीसेक पावलांचा अंधार आहे, पण दारू पिऊन बसणाऱ्यांना तेवढा पुरतो. बाहेरचं कुणी मला विचारलं, सिडको सुरक्षित आहे का, तर मी म्हणेन, कुठली गल्ली, किती वाजता, आणि त्या वेळी तिथे कोण जागं असतं ते आधी विचारा. त्रिमूर्ती चौक रात्री बारालाही गजबजलेला असतो. आमचा तो कोपरा संध्याकाळी साडेसातलाच नकोसा होतो.

जितूने सिंहस्थाचा विषय काढला, २०२७ साठी सगळे रस्ते खोदलेत, दिवेही त्यातच येतील म्हणाला. नाना म्हणाले, साधूंना रामकुंडावर दिवे लागतील, आपल्याला नाही. मग कुंभात कोण हरवलं होतं ह्यावर दहा मिनिटं गेली. एवढ्या वेळात प्रशांतने गाडीकडे किती वेळा पाहिलं, ते सुनील मोठ्याने मोजत होता. अकरा झाले होते.

साडेअकराला सुनील बोलता बोलता उठला. वाक्य अर्धवटच राहिलं. रिक्षा सुरू केली, वळवली आणि हेडलाइट त्या कोपऱ्यावर सोडून तशीच उभी केली. प्रशांतला वाटलं, भाडं आलं. पण कंपनीची बस मागच्या बाजूने वळून थांबली होती. सेकंड शिफ्टच्या चार मुली उतरल्या, त्यात ताईंची पूजा. रिक्षाच्या पिवळ्या उजेडात त्या भिंतीच्या कडेने आल्या, डबे हातात, आपसात काहीतरी बोलत, अजिबात घाई न करता. चौथी तिच्या जिन्याला लागली तेव्हा सुनीलने लाइट बंद केला.

"रोज?" प्रशांतने विचारलं.

"सुट्टी सोडून," सुनील म्हणाला. "बॅटरी उतरते, ताई चहाचे पैसे घेत नाहीत. फिटतं."

प्रशांत थोडा वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, त्याच्या ओळखीचा एक जण आहे दिव्यांच्या ठेकेदाराकडे, उद्या फोन लावतो.

"फोन कशावरून लावशील?" नाना म्हणाले. "तो तर गहाळ झालाय ना?"

पूजाच आधी हसली. मग सगळेच.

"आणि जाता जाता," नानांनी त्याला गाडीपाशी गाठलं, "अठ्ठ्याण्णवच्या गणपतीचं पावती पुस्तक तुझ्याकडे होतं. शेवटच्या पाच पावत्यांचा हिशेब अजून लागलेला नाही. एक्कावन्नच्या होत्या."

"नाना, मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो!"

"म्हणूनच पोलिसात गेलो नाही," नाना म्हणाले. "मंडळाच्या वहीत गहाळ लिहिलंय."