तासभर का लागला आणि अ‍ॅक्टिव्हेटर नेमकं काय करतं

नमस्कार. आमच्या दवाखान्यात करून घेतलेल्या दात पांढरे करण्याच्या उपचाराबद्दल ‘इथे अ‍ॅक्टिव्हेटर नाही, दिवा नाही, तासभर आ वासून बसवलं आणि तिसऱ्या दिवशी दात पुन्हा पिवळट,’ असं तुम्ही लिहिलं आहे. तासभर तोंड उघडं ठेवणं अवघडच असतं, त्याबद्दल वाद नाही. तुमच्या दातांचा तपशील इथे चारचौघांत लिहिणं योग्य नाही, म्हणून आमच्या पद्धतीबद्दलच सांगतो.

अ‍ॅक्टिव्हेटर आम्ही वापरतो. जेल लावण्याआधी दोन सिरिंज एकमेकींना जोडून मिसळतो; एकीत हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे रंग घालवणारं रसायन असतं, दुसरीत अ‍ॅक्टिव्हेटर. पेरॉक्साइड आम्लधर्मी ठेवलं की टिकतं. अ‍ॅक्टिव्हेटरमुळे त्याचा पीएच वाढतो, म्हणजे आम्लता कमी होते, आणि ते झपाट्याने विघटित होऊ लागतं, म्हणूनच आयत्या वेळी मिसळायचं.

लोह किंवा मँगनीजचे क्षार घालून हा वेग आणखी वाढवता येतो, हे खरं. पण रंग नुसता वरवर नसतो, तो इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरात, आणि त्याखालच्या डेंटिनच्या थरात मुरलेला असतो. विघटनातून निघणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे रंग तोडणारे अतिक्रियाशील कण, जिथे तयार होतात तिथेच क्षणार्धात संपतात. पेरॉक्साइड आत झिरपण्याआधी वरच फुटलं, तर बुडबुडे भरपूर दिसतात, आतला रंग मात्र तसाच राहतो. झिरपायला लागणारा वेळ द्यावाच लागतो. घाईसाठी मी तो कापणार नाही.

त्या तासातला काही वेळ हिरड्यांवर रेझिनचा संरक्षक थर बसवण्यात जातो. ३५ ते ४० टक्के पेरॉक्साइड हिरडीला लागलं तर ती भाजते, पांढरी पडते. हे काम सावकाशच करायला हवं.

जेलवर प्रकाश टाकणाऱ्या दिव्याने टिकाऊ फायदा होतो, असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. उष्णतेने दाताची नस मात्र दुखावू शकते.

आता तिसऱ्या दिवसाबद्दल. उपचारात दात कोरडे पडतात आणि कोरडा दात असतो त्याहून पांढरा दिसतो. लाळेने ओलावा परत आला की छटा थोडी उतरते. हे कुठल्याही जेलने होतं, आणि उपचारापूर्वी सांगायचीच ही गोष्ट आहे. खरी छटा साधारण दोन आठवड्यांनी ठरवतात. तेव्हा या, शेड गाइड (दातांच्या छटांचे नमुने) लावून आधीच्या नोंदीशी तुमच्यासमोर ताडून पाहू. त्याचे पैसे घेणार नाही. दरम्यान कळा येत असतील, तर दोन आठवडे थांबू नका, लगेच फोन करा.