द्राक्षांच्या बिया, उभा काप आणि मिक्सर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ताज्या द्राक्षांतील बिया घरी कशा काढाव्यात, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया वाचली. आपले आक्षेप तीन आहेत: बिनबियांची द्राक्षे ढिगाने मिळत असताना हा खटाटोप कशासाठी; मी सांगितलेल्या आडव्या कापाने बियाच सुरीखाली येतात; आणि गर हवा असेल तर मिक्सरमधून फिरवून गाळला की काम दोन मिनिटांत संपते.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. द्राक्षातल्या बिया मधल्या अक्षालगत उभ्या, निमुळते टोक देठाकडे करून बसलेल्या असतात, त्यामुळे आडवे पाते नेमके त्यांच्यावर येते. काल वीसेक द्राक्षे पुन्हा कापून पाहिली. देठाच्या खळीत सुरीचे टोक टेकवून उभा काप घेतला, तर पाते बीला लागल्याचे बोटांना लगेच कळते. तिथे जोर न करता द्राक्षच पात्याभोवती फिरवले, की दोन वाट्या अलग होतात आणि बी टोकाने उचलून निघते. लेखात तशी दुरुस्ती केली आहे. लहान मुलांच्या घशात सबंध द्राक्ष अडकू शकते, म्हणून त्यांच्यासाठी उभ्या चार फोडी कराव्याच लागतात, मग द्राक्ष बिनबियांचे का असेना.

पहिल्या आक्षेपाविषयी मात्र आपले मत मला मान्य नाही. आपण नाशिकहून लिहिता. हंगामात थॉमसन किंवा सोनाका ही बिनबियांची द्राक्षे दारात येत असताना बियांचे द्राक्ष कोण घेईल, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. मी बंगळूरला राहतो. इथे हातगाडीवर काळपट निळे ‘बेंगलोर ब्लू’ असते, ज्याला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याला बिया असतात आणि साल जाड असते, पण त्याच्या जॅमला येणारा दरवळ थॉमसनच्या जॅमला येत नाही. (तसे पाहिले तर थॉमसनही पूर्णपणे निर्बीज नसते, त्यात बी धरते आणि कोवळेपणीच खुंटते.)

या द्राक्षाला मुळात सुरीच लागत नाही. चिमटीत दाबले की साल हातात राहते आणि गराची गोळी बियांसह बाहेर पडते. त्या गोळ्या पाणी न घालता मंद आचेवर आठ-दहा मिनिटे ठेवल्या की गर सैल होतो. मग पुरणाच्या चाळणीत ओतून पळीच्या पाठीने हलक्या हाताने फिरवावे. बिया वर राहतात. बाजूला ठेवलेली साले नंतर गरातच शिजवावीत, कारण रंग सालीत असतो.

राहिला मिक्सर. तो मीही वापरून पाहिला होता, अगदी कमी वेगावर, थांबत थांबत. तरीही काही बिया फुटल्याच, आणि फुटलेल्या बीतले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, रसात उतरले की गाळण्याने ते निघत नाही. जिभेवर कात चोळल्यासारखी चव आली. साखर वाढवली, लिंबू पिळले, तुरटपणा तसाच राहिला. ती बाटली अजून फ्रिजच्या दारात उभी आहे.