उपग्रह असला तरी पंचनामा लागतोच

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, शेतं बुडाली, की कोल्हापुरात एक दावा फिरू लागतो: "उपग्रह आहे, सातबारा ऑनलाइन आहे. सगळा डेटा जोडा, पंचनामे बंद करा, भरपाई थेट खात्यात टाका." घाई रास्त आहे, पण दाव्यातली तिन्ही गृहीतकं कच्ची आहेत.

"उपग्रहाला सगळं दिसतं." पुराच्या दिवसांत आभाळ गच्च भरलेलं असतं, तेव्हा साध्या छायाचित्रांत ढगच येतात. रडार लहरी सोडणाऱ्या उपग्रहाला ढगांची अडचण नाही, पण तोच उपग्रह पुन्हा त्याच जागेवरून जायला काही दिवस लागतात. तेवढ्यात पाणी चढून उतरतंही. त्यात नदीकाठी आपल्याकडे ऊस. मोकळ्या पाण्यावरून रडारची लहर पलीकडे निसटते, म्हणून पाणी काळं दिसतं. दाट उसात ती बऱ्याचदा पानांवरूनच परत फिरते, मग बुडख्याशी गुडघाभर पाणी असलं तरी शेत कोरडं धरलं जातं. शिवाय ऊस जगला की मेला हे शेंड्यावर ठरतं. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या सुरळीत, गढूळ पाणी साचलं की तो कुजतो, बाहेरची पानं मात्र काही दिवस हिरवी राहतात. पोंगा ओढल्यावर अलगद हातात आला आणि कुजका वास आला, तर तो ऊस गेला. मदतीसाठी किमान ३३ टक्के नुकसान लागतं. ते असं रानात उतरूनच मोजावं लागतं.

"सातबाऱ्यावरून शेतकरी कळतो." खातेदार कळतो. खंडानं कसणारा त्यात सहसा नसतो. सामाईक खात्यावर चार भाऊ, वाटणी तोंडी, आणि बुडालेला नदीकडचा वाटा एकट्या धाकट्याचा: हे गावाला ठाऊक असतं, संगणकाला नाही. सातबाऱ्यावर 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब', एवढ्यावरही नाव गळतं.

"यंत्र पक्षपात करत नाही." खरं, पण नियम चुकला तर तीच चूक जमिनीच्या हजारो गटांत होते. तलाठ्याला चावडीत जाब विचारता येतो. यादीतून गळालेल्याला कारणही समजत नाही.

डेटा वापरावाच, पण पहिल्या चाळणीसाठी. रडारच्या नकाशावर गटांच्या हद्दी टाकून बुडालेल्या आणि काठावरच्या गटांची यादी करावी. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांनी आधी तिथं जावं. ऊस असलेले काठावरचे गट नकाशात कोरडे दिसले तरी तपासावेत. ग्रामपंचायतीत दोन याद्या लावाव्यात, घेतलेल्या गटांची आणि वगळलेल्या गटांची. दुसरीत प्रत्येक गटापुढं वगळण्याचं कारण आणि हरकतीची शेवटची तारीख लिहावी.